सोपी वाट, अवघड वाट आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

२९ सप्टेंबर २०२४, रविवार. तयारी

साताऱ्यात सकाळी चालणाऱ्या अकरा जणांचा गट आहे, वय २४ ते ६३. सोप्या वाटेने मनात काय फरक पडतो आणि अवघड वाटेने काय पडतो, हे बारा आठवडे लिहून ठेवायचं ठरलं आहे. दुसऱ्या गावातल्या कुणाला असा गट चालवायचा असेल तर वाटा निवडताना या नोंदी हाताशी असाव्यात, एवढाच उद्देश.

प्रत्येकाला एक शंभर पानी वही दिली. २५ रुपयांची एक, अकरा वह्यांचे २७५ रुपये. वहीत तीन प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण:

१. डोकं किती शांत आहे?
२. एकच विचार किती फिरून फिरून येतोय?
३. समोर पडलेलं काम आपल्याला जमेल, असं किती वाटतं?

समासात रात्रीची झोप किती तास आणि चालताना दम किती लागला, हे लिहायचं. दमासाठी वेगळं यंत्र लागत नाही. पूर्ण वाक्य सहज बोलता आलं तर 'हलकं', तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर 'मध्यम', बोलणंच नको वाटलं तर 'जड'.

फेरी दीड तासाची धरली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ सालच्या अभ्यासात लोकांना ९० मिनिटं चालवलं होतं, काहींना झाडाझुडपांतून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चाललेल्यांचं मनातल्या मनात तेच ते उगाळणं कमी झालं, रस्त्याकडेच्यांचं झालं नाही. आपल्याकडे काय होतं ते बघायला तेवढाच वेळ घेणं बरं.

वाटांची वर्गवारी उंचीवरून केली: कमी चढ म्हणजे सोपी, जास्त चढ म्हणजे अवघड.

६ ऑक्टोबर. यवतेश्वरचा रस्ता (सोपी)

वाट चुकीची निवडली. डांबरी रस्ता, चढ बेताचा, पाय घसरायची भीती नाही, म्हणून यवतेश्वरच्या घाटरस्त्याला 'सोपी' म्हटलं होतं. पण कासच्या फुलांच्या पठाराकडे हाच रस्ता जातो, तिथला हंगाम चालू आहे आणि त्यात रविवार. सात वाजल्यापासून गाड्यांची रांग लागली. एका ओळीत, उजव्या कडेने, कान मागे लावून चालावं लागलं. दीड तास 'गाडी आली, गाडी आली' यातच गेला.

दम सगळ्यांच्या वहीत 'हलकं'. शांततेचे गुण मात्र निघतानाच्या आकड्यापाशीच राहिले, काहींचे उतरले. शरीराला वाट सोपी होती, मनाला नव्हती.

यावरून व्याख्या बदलली, ती शेवटपर्यंत टिकली. सोपी वाट म्हणजे जिच्यावर पायाकडे आणि मागे बघावं लागत नाही. दहा पावलं चालताना नजर सहज लांब ठेवता आली पाहिजे. चढ किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

हंगामात कासच्या पठारालाही हेच लागू. फुलं पाहायला जरूर जावं, पण रविवारी तिकडे शांतता शोधू नये. जायचंच तर आठवड्यातला मधला दिवस धरावा.

१३ ऑक्टोबर. अजिंक्यतारा (सोपी)

'चार भिंती' या स्मारकापासून गाडीरस्त्याने गडाच्या दरवाज्यापर्यंत, वर तटाच्या कडेने फेरी आणि त्याच वाटेने खाली. ही वाट बरोबर निघाली. पहाटे गाड्या जवळजवळ नाहीत. रस्ता रुंद असल्याने दोघं-तिघं शेजारी शेजारी चालू शकतात. मंगळाईच्या बुरुजावर पोचल्यावर नजर एकदम मोकळी होते: खाली सगळं शहर, समोर यवतेश्वर, हवा स्वच्छ असली तर चंदन-वंदन आणि जरंडाही. गटातले एक काका म्हणाले, "इथं आलं की गाव लहान दिसतं, तशी कटकटही लहान दिसते." वहीतल्या आकड्यांपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी वाटलं, म्हणून इथे नोंदवलं.

चूक झाली ती गुण लिहिण्याच्या वेळेत. खाली आल्या आल्या चहाच्या टपरीवर वह्या उघडल्या. गरम चहा, वडापाव, हसणं-खिदळणं. सगळ्यांचे गुण आठ, नऊ, नऊ. हे गुण वाटेचे की वडापावचे, सांगता येईना. पुढच्या वेळेपासून खाण्याच्या आधी, पण चालणं संपल्यावर वीस मिनिटं बसून मग लिहायचं. लगेच लिहिलं तर 'संपलं एकदाचं' हा सुटकेचा आनंद आकड्यात शिरतो.

दुसरी चूक: नोंदी फोनवर भरायला परवानगी दिली होती. फोन हातात आला की आधी निरोप वाचले जातात. एका ताईंचा गुण सातवरून तीनवर आला. कारण विचारलं तर ऑफिसचा निरोप. तेव्हापासून फक्त वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते.

२० ऑक्टोबर

परतीचा पाऊस, फेरी रद्द. गटातल्या एकीच्या घरी बसून वहीची पानं नव्याने आखली. आता तीन रकाने: निघण्याआधी, खाली आल्यावर वीस मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी. तिसरा रकाना 'असू दे' म्हणून घातला होता. पुढे सगळ्यात जास्त कामाचा तोच ठरला.

२७ ऑक्टोबर. अजिंक्यतारा, दोन प्रकारे

अर्धा गट एकटा-एकटा, शंभर पावलांचं अंतर ठेवून, न बोलता. उरलेला अर्धा जोडीने, सहज गप्पा मारत.

गप्पा मारणाऱ्यांची शांतता वाढली, फिरून येणारे विचार कमी झाले. गप्प चालणाऱ्यांत दोन टोकं दिसली. काहींना एकांत मानवला. पण जे आधीपासूनच कसल्या तरी घोरात होते, त्यांचा दुसऱ्या प्रश्नाचा आकडा वाढला. कारण सरळ आहे. सोप्या वाटेला लक्ष लागत नाही, मग रिकामं लक्ष जिकडे दुखतं तिकडेच जातं. सोपी वाट मनाला मोकळं सोडते. मन जखमी असेल तर ते मोकळं सुटून जखमेपाशीच बसतं.

उपाय म्हणून उरलेल्या अंतरात हलकं काम दिलं: पाच वेगळे पक्ष्यांचे आवाज मोजा, नावं माहीत नसली तरी चालेल. काहींना तटाच्या दगडांतून उगवलेली झाडं मोजायला दिली. काम इतकं हलकं हवं की मोजणी चुकली तरी वाईट वाटू नये. एकाने फोटो काढायचं काम मागून घेतलं, ते जमलं नाही. फोटो चांगला यावा ही धडपड सुरू झाली आणि तो तिथेच पंधरा मिनिटं अडकला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणं भाग आहे. कुणाचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत खचलेलं असेल, झोप-भूक गेली असेल, तर त्याला 'चल गडावर, बरं वाटेल' एवढंच सांगून सोडू नये. चालणं सोबतीला असू द्यावं, पण डॉक्टरांना दाखवावं. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

दिवाळीचा खंड. फेऱ्या नाहीत, नोंदी नाहीत.

१० नोव्हेंबर. कल्याणगड (अवघड, पहिली खेप)

नऊ जण, दोन गाड्या, पेट्रोल ११०० रुपये. नांदगिरी गावातून चढ. डोंगर उघडा, सावली नावाला, वरच्या टप्प्यात मुरमाचा घसारा, म्हणजे पाय घसरवणारा सुटा मुरूम.

वेळेचा हिशेब नैस्मिथच्या नियमाने केला होता. हा नियम १८९२ सालचा, स्कॉटलंडच्या डोंगरांतला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. म्हणजे तीन किलोमीटर वाट आणि तीनशे मीटर चढ असेल तर ३६ आणि ३० मिळून ६६ मिनिटं. थंड हवेतल्या सरावाच्या माणसाला ते ठीक. आपल्या उन्हात, घसाऱ्यात, मिश्र वयाच्या गटाला हा वेळ पुरत नाही. इथून पुढे निघालेल्या वेळाला सरळ दीडपट करायचं, ६६ चे शंभर धरायचे. थांबे त्यात मोजायचे नाहीत.

वेळ कमी धरल्यामुळे पुढचे दोघं 'उशीर होतोय' म्हणून पाय उचलत राहिले, मागचे तिघं धापा टाकत. मागच्यांनी टेकायच्या ठिकाणी पोचावं आणि पुढच्यांनी तेवढ्यात उठावं, असं चारदा झालं. मागच्यांना एकदाही पुरती विश्रांती मिळाली नाही. त्यांच्या वह्यांत दम 'जड' आणि तिसऱ्या प्रश्नाचा गुण निघतानाच्या निम्म्यावर. अवघड वाट मन खचवते असं नाही. मागे पडल्याची लाज खचवते, आणि ती चढामुळे आली नव्हती, आमच्या आखणीमुळे आली होती.

वर पाण्यातून जाणारी अंधारी गुहा आहे. रेलिंगला धरून, बॅटरीच्या उजेडात आत जावं लागतं. एका ताईंना आत जायचं नव्हतं. दोघा-तिघांनी आग्रह केला, त्या गेल्या, घाबरल्या आणि बाहेर आल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. आग्रह करायला नको होता. भीती स्वतः होऊन पार केली तर मनाला बळ येतं, ढकलून पार करायला लावली तर तेच अंगावर येतं. गटाचा नियम: 'नको' एकदा म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही.

उतरताना वेळ चढाइतकाच लागला. घसाऱ्यावर टाच आधी रोवायची, गुडघा थोडा वाकवून, पावलं छोटी. ज्यांचे बूट गुळगुळीत तळाचे होते त्यांची सगळी उतरण बसून-घसरून झाली. पाणी माणशी दोन लिटर घेतलं होतं, साडेदहालाच संपलं. तीन लिटर हवं, आणि त्यातला अर्धा लिटर उतरणीसाठी न उघडता ठेवायचा.

पायथ्याशी लिहिलेले गुण वाईट. चौघांनी तर वही उघडलीच नाही. त्या संध्याकाळी अवघड वाट यादीतून काढून टाकावी, असाच सूर होता.

११ नोव्हेंबर, सकाळ

तिसरा रकाना. पुढे चाललेल्या आणि मधल्या सहा जणांचे 'जमेल' या प्रश्नाचे गुण निघण्याआधीच्या गुणांपेक्षा वर आले होते. पाय दुखत होते, जिना उतरताना कण्हत होते, तरी गुण वर. काल पायथ्याशी यांच्यातल्या ज्यांनी वही उघडली, त्यांनी कमी गुण दिले होते. थकवा उतरल्यावर आठवणीत दम राहत नाही, 'मी वर गेलो' एवढं राहतं. फक्त पायथ्याच्या आकड्यांवर निकाल काढला असता तर तो उलटाच लागला असता.

मागे राहिलेल्या तिघांचे गुण मात्र सकाळीही खालीच. पुढची खेप त्यांच्यासाठी आखायची ठरली.

१७ नोव्हेंबर. अजिंक्यतारा (सोपी)

दम 'हलकं'. शांतता वाढली, दुसऱ्या सकाळपर्यंत थोडी ओसरली. 'जमेल' जिथल्या तिथे. सोप्या वाटेचा ठसा बहुतेक आठवडे असाच दिसतो: त्याच दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी थोडा. म्हणून ती आठवड्यातून दोन-तीनदा हवी, महिन्यातून एकदा करून भागत नाही.

२४ नोव्हेंबर. कल्याणगड (अवघड, दुसरी खेप)

तोच डोंगर मुद्दाम घेतला. नवा गड घेतला असता तर फरक वाटेमुळे पडला की आखणीमुळे, ते कळलं नसतं. बदल हे:

सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. दर पंचवीस मिनिटांनी थांबा, शेवटचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची. निघायची वेळ पाऊण तास अलीकडे, पायथा साडेसहाला सोडला, त्यामुळे वरचा उघडा टप्पा उन्हाआधी सरला. गूळ-शेंगदाणे दर थांब्याला मूठभर. भूक लागल्यावर खायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो, चिडचिड आधी येते आणि भूक नंतर कळते. गुहा ऐच्छिक. गुळगुळीत तळाचे बूट असतील तर घरी थांबायचं, या नियमाने एक जण कमी झाला.

ढोरवाटेने मात्र पंचवीस मिनिटं खाल्ली. गुरांची वाट पायवाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते आणि आडवी जात जाऊन झुडपात संपते. ओळखायची खूण: पायवाट हळूहळू का होईना चढत राहते, ढोरवाट एका पातळीत डोंगराला वळसा घालते. दहा मिनिटांत उंची वाढली नाही तर परत फिरायचं.

मागचे तिघंही या वेळी दम 'मध्यम' राखून वर पोचले. मधल्या चढावर कुणी फारसं बोललं नाही. नंतर विचारलं तेव्हा उत्तर एकाच तऱ्हेचं: "पुढचं पाऊल कुठं टाकायचं एवढंच डोक्यात होतं." २७ ऑक्टोबरला घोर घेऊन गप्प चालणाऱ्यांना हेच मिळालं नव्हतं. अवघड वाट लक्ष पुरतं मागून घेते, उगाळायला जागा ठेवत नाही. हे होतं ते 'मध्यम' दमातच. दम 'जड' झाला की लक्ष वाटेवरून उडतं, छातीतल्या धडधडीकडे जातं आणि घाबरायला होतं.

दुसऱ्या सकाळी आठही वह्यांत 'जमेल' वर. आधी खचलेल्यांना फायदा जास्त. गुहेला नको म्हणणाऱ्या ताई या वेळी स्वतःहून पाण्यापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. त्यांच्या वहीत दहा गुण आहेत.

८ डिसेंबर. वासोटा (अवघड, लांब)

सात जण. साताऱ्याहून पहाटे साडेपाचला निघून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याची परवानगी, मग शिवसागर जलाशयातून बोट. कोयना अभयारण्यातलं राखीव जंगल आहे, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोट परत लागते. बोटीचं भाडं बोटीमागे असतं, म्हणून माणसं कमी तर वाटणी जास्त. प्रवास, बोट आणि परवानगी मिळून आमची माणशी १०५० रुपये वाटणी आली. गट दहाचा करून गेलात तर बरंच वाचेल.

चढ दाट झाडीतून, सावलीतला. त्यामुळे तो कल्याणगडापेक्षा लांब असूनही दम 'मध्यम' राहिला. फोनला रेंज नाही, आणि ते चांगलंच. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की संध्याकाळी सातपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर निम्मं लक्ष तिकडे राहतं. अत्तर-सेंट लावायचं नाही, धूर करायचा नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

माथ्यावर बाबुकड्यापाशी वीस मिनिटं सगळे गप्प बसले, कुणी सांगितलेलं नसताना. शांततेचे गुण बारा आठवड्यांतले सगळ्यात जास्त तिथले. पण त्यात परतीच्या बोटीचाही वाटा धरायला हवा. उतरून पाय दमलेले, पाणी संथ, करण्यासारखं काही नाही, तासभर नुसतं बसायचं. अवघड वाटेला सोपं शेपूट जोडलेलं असावं. कल्याणगडाहून उतरलो की लगेच गाडी आणि रहदारी, तिथे हे मिळत नाही. आता त्या खेपेनंतर पायथ्याशी झाडाखाली अर्धा तास राखून ठेवतो.

चूक एक: आदल्या रात्री लग्नाला जाऊन चार तास झोपलेले दोघं आले. चढले नीट, पण उतरताना दोघांचेही पाय मुरगळले. एकाला क्रेप बँडेज बांधून, दोघांच्या आधाराने आणावं लागलं आणि बोटवाल्या दादांना पाऊण तास थांबावं लागलं. दोघांचेही गुण दुसऱ्या सकाळी खाली. सहा तासांपेक्षा कमी झोप असेल तर अवघड वाट नको. त्या दिवशी अजिंक्यतारा.

१० डिसेंबर

वासोट्याचा 'जमेल' दोन दिवसांनीही टिकून आहे. एकीने लिहिलं आहे की पाच महिने टाळलेला बँकेतला अर्ज आज भरून दिला. वासोट्यामुळेच, असं म्हणता येणार नाही, पण वहीत त्याच पानावर आहे.

२२ डिसेंबर. खर्च आणि वापर

वह्या २७५, कल्याणगडाच्या दोन खेपा २२००, वासोटा ७३५०, औषधपेटी (क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं, कापूस, चिकटपट्टी, शिट्ट्या) ६४०. एकूण १०,४६५ रुपये. अजिंक्यताऱ्याला शून्य.

सात वह्या पूर्ण, चार अर्धवट. माणसं थोडी, नोंदी त्यांच्या त्यांनी केलेल्या, त्यामुळे आकडे दुसऱ्या गटाने जसेच्या तसे उचलू नयेत. तीन रकाने मात्र उचलावेत.

आता फेरीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने वही बघून वाट निवडायची. झोप कमी किंवा डोकं शिणलेलं: अजिंक्यतारा, जोडीने. एकच विचार पिच्छा सोडत नाही, पण झोप आणि अंगात बळ आहे: कल्याणगड, हळू माणूस पुढे. बरेच दिवस 'मला जमत नाही' असं वाटतंय: आधी दोन आठवडे सोपी, मग कल्याणगड, आणि त्यानंतरच वासोटा. एका गटात तीन तऱ्हेची माणसं असतील तर गट फोडायचा. सगळ्यांना एकाच वाटेने नेण्याचा हट्ट केला की मागे राहणारे पुन्हा येत नाहीत. ज्या चार वह्या अर्धवट आहेत, त्यातल्या दोन १० नोव्हेंबरच्या पानावर थांबल्या आहेत. त्या दोघांना पुढच्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर बोलावलं आहे. चढ त्यांच्या चालीने.